निकालाआधी पट मोजा

दहावीचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांतून शाळांचे फलक झळकू लागतात. कसबा पेठ त्याला अपवाद नाही. तांबट आळीपासून पवळे चौकापर्यंत आणि फडके हौदापासून कसबा गणपतीपर्यंत कोठेही पाहावे, 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा' सांगणारी कापडे वाऱ्यावर हलत असतात. त्यांवर टक्केवारी असते, पहिल्या आलेल्या मुलामुलींची छायाचित्रे असतात आणि पुष्कळदा त्याहून मोठी छायाचित्रे संस्थाचालकांची नि स्थानिक पुढाऱ्यांची असतात. एक गोष्ट मात्र त्या फलकांवर कधीच नसते. दहा वर्षांपूर्वी याच शाळेच्या पहिलीच्या वर्गात किती मुले बसली होती, त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचली आणि जी पोहोचली नाहीत ती कोणत्या घरांतील होती, याचा तेथे उल्लेख नसतो.

शाळेचा निकाल हा एक अपूर्णांक असतो. त्यातील अंश तेवढा चौकात लावला जातो, छेद मात्र कचेरीच्या कपाटात राहतो. समजा, एका शाळेत पहिलीला ६० मुले आली. दहावीच्या परीक्षेला त्यांतील ३६ बसली आणि छत्तीसही उत्तीर्ण झाली. निकाल शंभर टक्के. शेजारच्या दुसऱ्या शाळेतही पहिलीला ६० मुले आली. तेथे ५५ परीक्षेला बसली आणि ४४ उत्तीर्ण झाली. निकाल ऐंशी टक्के. वर्तमानपत्रात पहिली शाळा वर आणि दुसरी खाली. परंतु पहिल्या शाळेने साठांपैकी छत्तीस मुले पैलतीराला नेली आणि दुसरीने चव्वेचाळीस, हा साधा हिशेब कोणी मांडत नाही. पहिल्या शाळेच्या पटावरून जी चोवीस मुले उतरली, ती कोठे गेली हा प्रश्न तर कोणी विचारतही नाही. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील रीत ज्यांचा शाळांशी संबंध येतो त्या कोणाही शिक्षकाच्या किंवा पालकाच्या चांगल्या परिचयाची आहे.

नववीच्या वर्गात कच्च्या मुलांची चाळणी लागते. पालकांना बोलावून सांगितले जाते की, मुलाला नापास झाल्याचा शेरा नको असेल तर दाखला घेऊन जा, दुसरी शाळा पाहा. काहींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसण्याचा सल्ला मिळतो. मूल अभ्यास करते तेच, परीक्षा देते तीच, पण त्याचा निकाल शाळेच्या खात्यावर पडत नाही. प्रवेशाच्या टोकालाही हीच कारागिरी चालते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची कोणतीही परीक्षा घेण्यास मनाई करतो. तरीही 'ओळखीची भेट' म्हणून आईबापांना समोर बसवून त्यांचे शिक्षण, व्यवसाय आणि घरी बोलली जाणारी भाषा विचारून घेण्याची प्रथा शहरी शाळांत मोडलेली नाही. यात प्रत्येक मुख्याध्यापक दुष्ट असतो असे मुळीच नव्हे. ज्या व्यवस्थेत शाळेची पत केवळ टक्केवारीवर ठरते, त्या व्यवस्थेत सज्जन मुख्याध्यापकालाही मुले निवडण्याचा मोह होतो. मुले शिकवून निकाल सुधारायला दहा वर्षे लागतात, मुले निवडून तो दोन वर्षांत सुधारतो.

हा धोका आज नव्याने उघडकीस आलेला नाही. कसबा पेठेपासून पायी थोड्याच अंतरावर राहिलेल्या एका शिक्षकाने तो एकशे चाळीस वर्षांपूर्वी सरकारदरबारी लेखी मांडला होता. १८८२ मध्ये हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करीत होता. १८८० मध्ये सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे नाव तेव्हा परीक्षांतील यशामुळे गाजू लागले होते आणि खुद्द हंटरसाहेबांनी त्या शाळेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ती शाळा ध्येयवादी तरुणांनी स्वार्थत्यागाने उभी केली होती आणि ती प्रशंसेस पात्र होती यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी, त्याच आयोगापुढे, त्याच शहरातून महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले आणि प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही विसंगती त्यांनी दाखवली. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

त्या निवेदनातील आणखी एका मुद्द्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. इंग्लंडने ती १८६२ मध्ये स्वीकारली होती आणि मुंबई इलाख्यातही ती चालू होती. ही पद्धत अशिक्षित, गरीब जनतेच्या शिक्षणाला मुळीच उपयोगी नाही, असे जोतीरावांनी स्वतःच्या शिक्षकी अनुभवाच्या आधारे बजावले. निकालावर पोट अवलंबून असलेला शिक्षक ज्या मुलांच्या शाळेत टिकण्याचीच शाश्वती नाही त्यांच्याकडे वळणारच नाही, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. इंग्लंडने पुढे १८९० च्या दशकात ती पद्धत सोडून दिली. आज 'निष्पत्ती', 'गुणवत्ता निर्देशांक', 'मानांकन' अशी नवी नावे घेऊन तीच वृत्ती परत आली आहे. ज्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक व्हायलाच हवे. पण जोतीरावांनी विचारलेला प्रश्न त्या स्मारकाच्या पायाखाली गाडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल.

कसबा पेठ हे पुण्याचे मूळ गावठाण. तांबट, कुंभार, कागदी अशा कारागिरांच्या वस्त्यांनी, देवळांनी आणि दर्ग्यांनी हे गाव वसले. वाड्यावाड्यांतून भाडेकरूंची बिऱ्हाडे होती आणि कारकुनाचा मुलगा, तांबटाचा मुलगा आणि दुकानदाराचा मुलगा अनेकदा एकाच शाळेत जात. तेव्हा सारे समान होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जातीच्या भिंती होत्या, मुलींची शाळा लवकर सुटे आणि दलित वस्त्यांतील मुलांना वर्गातही अपमान सोसावे लागत. तरीही शाळा एक होती. गेल्या पन्नास वर्षांत ते चित्र पालटले. वाडे पडले, इमारती उठल्या, पगारदार मध्यमवर्ग कोथरूड, सिंहगड रस्ता आणि त्याही पलीकडे सरकला. जे पेठेत राहिले त्यांतील ऐपतदारांनी मुलांना विनाअनुदानित इंग्रजी शाळांच्या गाड्यांत बसवले. मध्य पुण्यातील महापालिकेच्या आणि अनुदानित मराठी शाळांच्या बाकांवर आज प्रामुख्याने दिसतात ती हमालांची, फेरीवाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची आणि मराठवाडा, सोलापूर, कर्नाटक किंवा उत्तर भारतातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले. त्यांतील कित्येकांची घरची भाषा मराठी नाही, कित्येकांच्या घरात अभ्यासाला बसायला जागा नाही आणि भाड्याची खोली सुटली की शाळाही सुटते.

अशा शाळेचा निकाल निवडक मुलांच्या शाळेच्या निकालाशेजारी मांडायचा आणि 'पाहा, सरकारी शाळा नापास झाली' असा निवाडा द्यायचा, हा न्याय नव्हे. वस्तुतः तेथे दोन शाळांची तुलना झालेलीच नसते. तुलना होते ती दोन प्रकारच्या घरांची, आणि निकाल मात्र शिक्षकाच्या माथी मारला जातो.

सार्वजनिक पैसा, पण खाजगी व्यवस्थापन, या सूत्रावर चालणाऱ्या शाळांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे त्यांना चार्टर शाळा म्हणतात. सरकार एखाद्या संस्थेला शाळा चालवण्याची सनद देते, नेहमीच्या नियमांतून सूट देते आणि त्याच्या बदल्यात निकालाची हमी मागते. त्यांना सनदी शाळा म्हणता येईल. ही कल्पना लोकांपुढे आणणाऱ्यांत अल्बर्ट शँकर हे शिक्षक संघटनेचे नेते होते, हे आज अनेकांना ठाऊक नसते. शिक्षकांना नवे प्रयोग करण्याची मोकळीक मिळावी आणि सामान्य शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना आधार मिळावा, या हेतूने १९८८ मध्ये त्यांनी ती मांडली. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात उघडलेली पहिली सनदी शाळा तर शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांसाठीच होती. परंतु काही वर्षांतच ही कल्पना खाजगीकरणवाद्यांच्या हाती गेली आणि शँकर तिचे टीकाकार बनले.

निकालांचे काय झाले? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये पंधरा राज्ये आणि राजधानीच्या प्रदेशातील सनदी शाळांची पाहणी केली. गणितात १७ टक्के सनदी शाळा शेजारच्या सार्वजनिक शाळांहून सरस ठरल्या, ३७ टक्के त्यांच्याहून कमी पडल्या आणि उरलेल्या ४६ टक्के शाळांत लक्षणीय फरकच आढळला नाही. त्याच संस्थेच्या २०२३ च्या अहवालात सनदी शाळांचे चित्र सुधारलेले दिसले आणि मोठ्या शहरांतील गरीब, कृष्णवर्णीय मुलांना काही सनदी शाळांनी निश्चित लाभ मिळवून दिला, असेही दाखवून देण्यात आले. हे मान्य करण्यात संकोच करण्याचे कारण नाही. पण तेथील वादाचे मर्म आजही तेच आहे. सोडत काढून प्रवेश दिला तरी सोडतीचा अर्ज भरण्याइतके जागरूक पालक मुळात कोणते? अपंग आणि नवी भाषा शिकणाऱ्या मुलांचे प्रमाण किती? मधल्या वर्षी मूल गेले तर त्या जागी दुसरे घेतात की जागा रिकामी ठेवतात? म्हणजे तेथेही प्रश्न अखेर पटावरच येऊन थांबतो.

या अनुभवाकडे पाहताना पुण्याचा विचार सोडून चालणार नाही, कारण त्या प्रयोगाचे भारतीय रूप येथे प्रत्यक्ष अस्तित्वात आहे. पुणे आणि मुंबई परिसरातील महापालिकांनी आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्थांशी करार करून काही शाळा चालवायला दिल्या आहेत. इमारत आणि मूलभूत सोयी महापालिकेच्या, शिक्षक आणि अध्यापनाची व्यवस्था संस्थेची, असे त्याचे स्थूल स्वरूप असते. या शाळा मोफत आहेत, वस्तीतील मुलांसाठी आहेत आणि त्यांतील अनेक शिक्षक कळकळीने काम करतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या बोपखेल येथील अशा शाळेचे नाव २०२२ मध्ये जागतिक पातळीवरील उत्तम शाळांच्या निवडयादीत आले. त्या शाळेत मुलीला घालता आले म्हणून धन्यता मानणाऱ्या मोलकरणीला 'हे खाजगीकरण आहे' असे सुनावणे म्हणजे तिच्या अनुभवाचा अपमान करणे होय.

मात्र त्याच वेळी दुसरी वस्तुस्थितीही समोर ठेवली पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०२५ मध्ये त्याच जागतिक उपक्रमातील लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. ती शाळा पूर्णतः सार्वजनिक आहे. तेव्हा शाळा कोणाच्या हाती आहे यावर तिची गुणवत्ता ठरत नाही, हे उघड आहे. शिक्षकाला स्वातंत्र्य, मुख्याध्यापकाला स्थैर्य आणि गावाला शाळेविषयी आपलेपणा या तीन गोष्टी जेथे जमल्या तेथे शाळा उभी राहिली. मग या तीन गोष्टी महापालिका आपल्या साऱ्या शाळांना का देत नाही? जे स्वातंत्र्य करारातील संस्थेला मिळते ते आपल्याच मुख्याध्यापकाला का नाकारले जाते? रिक्त पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत, असलेल्या शिक्षकांना मतदारयाद्या आणि सर्वेक्षणे यांत गुंतवायचे आणि मग शाळा चालत नाही म्हणून ती दुसऱ्याच्या स्वाधीन करायची, हा कारभार म्हणजे स्वतःच विझवलेल्या चुलीवर अन्न शिजत नाही अशी तक्रार करण्यासारखा आहे.

राज्य शासनाची पावलेही याच दिशेने पडत आली आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात शाळा दत्तक देण्याचा निर्णय निघाला. मोठ्या महापालिकांच्या हद्दीतील शाळेसाठी पाच वर्षांकरिता दोन कोटी किंवा दहा वर्षांकरिता तीन कोटी रुपये मोलाच्या वस्तू वा सेवा द्याव्यात आणि देणगीदाराने आपले नाव शाळेच्या नावाला जोडून घ्यावे, अशी ती योजना होती. नागरिकांच्या करातून उभी राहिलेली शाळा आणि तिच्या दारावर दात्याचे नाव, हा व्यवहार दान या शब्दाला शोभणारा नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने शिक्षण हक्काच्या नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागांतून सूट मिळाली. कसब्यासारख्या दाट वस्तीच्या पेठेत एका किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, असे ठिकाण शोधूनही सापडणे कठीण. म्हणजे व्यवहारात त्या जागा बंदच झाल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द ठरवला, हे सुदैव. परंतु गरिबाच्या मुलाने श्रीमंताच्या मुलाशेजारी बसू नये, ही इच्छा नियमाच्या रूपाने राजपत्रात छापून आली होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळा पद्धतीची आणि परिसर शाळेची शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी पुढे समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रिकोणाचा विचार मांडला आणि भारतीय शिक्षणाला या तिन्ही भुजा एकत्र साधता आलेल्या नाहीत, असे परखडपणे सांगितले. आज सुरू असलेल्या चर्चेत गुणवत्तेची एकच भुजा उरली आहे. समतेविना गुणवत्ता म्हणजे निवड, आणि निवडीचे श्रेय शिक्षणाला देणे ही फसवणूक होय.

तथापि सारा दोष सरकारवर टाकून कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. सभेत सार्वजनिक शाळांच्या रक्षणाचा ठराव मांडायचा आणि जूनमध्ये आपल्या मुलाला विनाअनुदानित शाळेत घालायचे, हे पुरोगामी घरांतून सर्रास घडले आहे. ज्यांच्या आवाजाला वजन होते असे पालक सार्वजनिक शाळेतून निघून गेले, तेव्हा त्या शाळेचा पाण्याचा नळ दुरुस्त करा म्हणून कचेरीत धरणे धरणारेही निघून गेले. शाळा व्यवस्थापन समित्यांत पालकांना कायद्याने बहुमत दिले आहे, परंतु त्या बैठकांना वेळ काढून बसणारे कार्यकर्ते प्रत्येक प्रभागात किती आहेत याचा हिशेब ज्याने त्याने घ्यावा. इंग्रजीच्या प्रश्नावरही असाच संभ्रम आहे. मातृभाषेचा आग्रह योग्यच आहे, पण इंग्रजी ही भाकरीची भाषा झाली असे कामकरी आईबापांना वाटत असताना त्यांना केवळ मातृभाषेचे प्रवचन ऐकवणे पुरेसे नाही. मराठी शाळेत उत्तम इंग्रजी शिकवले जाईल, ही मागणी तितक्याच जोराने झाली पाहिजे.

म्हणूनच या प्रश्नावर घोषणेपेक्षा ठोस कार्यक्रम हवा. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखो मुले केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. तेव्हा शोध होता तो फुगवलेल्या पटाचा. आता शोध हवा तो गळालेल्या पटाचा. कसबा पेठेतील प्रत्येक शाळेला, मग ती महापालिकेची असो, अनुदानित असो, कराराने चालणारी असो वा विनाअनुदानित असो, पाच आकडे जाहीर करण्यास भाग पाडावे. पहिलीला किती मुले आली? त्यांतील किती दहावीपर्यंत त्याच शाळेत राहिली? आठवी आणि नववीत किती दाखले गेले आणि का गेले? किती मुले सतरा नंबरच्या फॉर्मने परीक्षेला बसली? अपंग, स्थलांतरित आणि शिक्षण हक्काच्या जागांवरील मुलांचे प्रमाण काय? हे आकडे शाळांच्या दप्तरात असतात. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या बाबतीत ते माहितीच्या अधिकारात मागता येतात, इतरांच्या बाबतीत शिक्षण विभागाकडून मिळवता येतात. निकालाच्या फलकाशेजारी पटाचा फलक लागला पाहिजे.

संस्थांशी होणाऱ्या करारांनाही अटी असाव्यात. प्रवेश परिसरातील सर्व मुलांना, कोणतीही मुलाखत न घेता. मधल्या वर्गातील रिकाम्या जागा भरण्याचे बंधन. शिक्षकांना महापालिकेच्या शिक्षकाइतके वेतन आणि संरक्षण. कराराची कागदपत्रे जनतेला खुली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे या शाळांत यशस्वी ठरले ते ठराविक मुदतीत महापालिकेच्या इतर शाळांत नेण्याची योजना. अशा अटी मान्य असलेल्या संस्थेशी भांडण्याचे कारण नाही. ज्यांना त्या मान्य नाहीत, त्यांना मुलांच्या शिक्षणापेक्षा शाळेच्या इमारतीत अधिक रस आहे, असे समजण्यास हरकत नसावी.

१९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला, तेव्हा पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलांना सक्ती करावी, मुलींचे नंतर पाहू, असे अनेक प्रतिष्ठितांचे म्हणणे होते. त्यावेळी शहरातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. 'नंतर' या शब्दाचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता. आज तोच शब्द तांबट आळीतील भाडेकरूच्या, मंडईतील हमालाच्या आणि कालपरवा गावाहून आलेल्या मजुराच्या मुलाला ऐकवला जात आहे. आधी निकाल, मग तुम्ही. जी शाळा या मुलांना दाराबाहेर ठेवून शंभर टक्के मिळवते, तिच्यापेक्षा त्यांना आत घेऊन ऐंशी टक्के मिळवणारी शाळा मोठी आहे, ही गोष्ट कसब्यातील घराघरांत पोहोचवणे हे येत्या शैक्षणिक वर्षातील कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.